फुग्यांच्या बंदुकीची नवी नळी

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की परळीच्या जत्रेतली ती दुपार आठवते. फुगे फोडायच्या आमच्या दुकानात ह्यांनी त्याच तेलानं पुसून छर्ऱ्याच्या बंदुकीला नवी नळी बसवली. जुनी मुद्दाम वाकवलेली होती, छर्रा डावीकडं जायचा. बंदूक सरळ आहे हे गिऱ्हाइकाला पटावं म्हणून मी उजवीकडं नेम धरून फुगा फोडून दाखवायचे.

"ही सरळ हाय. आज तू मार," हे म्हणाले.

मी मारला. लाल फुगा जागेवरच राहिला, छर्रा उजवीकडं गेला.

"माझ्या लबाडीनं तुझी नजर बी वाकडी झाली," हे हळूच बोलले.

तेव्हा मी हसले. ती माफी होती, हे ह्यांच्या माघारी कळलं. आता दुकानात पोरांचे नेम बरोबर लागतात. माझा हात मात्र अजून उजवीकडंच जातो.