टेबलावरचं इन्सुलिन

ओतूरच्या माझ्या दवाखान्यात मी कित्येक वर्षं पडद्याआड जाऊन इन्सुलिन टोचून घ्यायचे. डॉक्टरलाच मधुमेह म्हटल्यावर पेशंट येतील कशाला, ही भीती. एका बाजाराच्या दिवशी एका मेंढपाळ आजोबांनी ओझरच्या गणपतीचा पेढा पुढे केला. त्यांची शुगर वाढलेली, पण इन्सुलिनला ठाम नकार. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? मी खाल्ला. लगेच त्यांनीही एक तोंडात टाकला. "मॅडम खात्यात, मग मला काय व्हतंय?"

मला माझाच संताप आला. इन्सुलिनचं पेन बाहेर आणलं आणि त्यांच्यादेखत पोटात टोचलं. आजोबा सदरा वर करत म्हणाले, "मलाबी शिकवा."

आता ते पेन टेबलावरच असतं. ठणठणीत डॉक्टर हवा असेल त्यानं खुशाल दुसरा बघावा. आजोबा माझ्याकडेच येतात. पेढा मात्र आणत नाहीत.