पिंजरा ओसरीवरच राहील

आमचा पक्षी ओरडला की औंढ्याच्या देवळामागं बांधलेल्या म्हशी दूध चोरायच्या, आणि वारा बराबर असला तर तिकडं शिरड शहापूरच्या थांब्यावर उभी असलेली एस.टी. ड्रायव्हर नसताना सुरू व्हायची. यातलं निम्मं सोडून द्या. माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायची सवय अख्ख्या तालुक्याला आहे आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. एकदाच वाटलं, ती ही वेळ.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. एस.टी.डी.च्या पिवळ्या टपऱ्यांत आता शेंगदाण्याचे लाडू विकायला लागले होते. आमच्या घराकडं देवळातल्या पूजेची पाळी असते. ते दिवस सोडले तर मी कचेरीतला कारकून. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, लेकरू नव्हतं. नांदेडचे डॉक्टर झाले, परभणीचे वैद्य झाले. आईनं नवस इतके बोलले होते की कोणता नवस कुणाच्या खात्यात, यावरून देवादेवांत भांडणं लागली असतील. औषधं बायकोनं गिळायची, उपास बायकोनं धरायचे, आणि मी बाहेर बाकावर बसून शेजारच्या पेशंटला वाघाच्या गोष्टी सांगायच्या, अशी आमची वाटणी होती.

शेवटी हैदराबादला गेलो. तिथल्या डॉक्टरनं पहिल्यांदाच मला आत बोलावलं, माझ्याही तपासण्या केल्या आणि शांतपणे सांगितलं की बाईंमध्ये काही दोष नाही, जे आहे ते तुमच्यात आहे, आणि त्यावर औषध नाही.

बाहेर आलो तर मी गप्प. मी गप्प आहे म्हटल्यावर बायको घाबरली. मग म्हणाली, "घरी हे सांगायचं न्हाई. आत्याबाईंना माझ्यावर बोलायची सवय झाली. तुमच्यावर बोलायची वेळ आली तर त्या अंथरूण धरतील." आत्याबाई म्हणजे माझी आई. आणि रस्त्यातच तिनं माझ्याकडून शपथ घेतली.

स्टेशनकडं जाताना पक्ष्यांच्या दुकानांची एक गल्ली लागली. बायको एका दुकानापुढं थांबली ती थांबलीच. आत एक पक्षी होता: अंग हळदीत बुडवलेलं, डोकं शेंदरी, पंखांच्या टोकाला हिरवा, आणि नजर अशी की कचेरीतल्या साहेबानं शिकवणी लावावी. मी म्हटलं, पोपट छान आहे. दुकानदार दुखावला. "तोता नक्को बोलो साब. कोन्युर है. सात समुंदर पार का." बोलतो का विचारलं, तर म्हणाला, बाताँ नाही करत, चिल्लाता मात्र बहुत. बायको म्हणाली, मग आमच्या घरात बसंल.

मी लाडानं बोट पुढं केलं. त्यानं ते नखापासून असं धरलं की मला माझे सगळे पूर्वज एका रांगेत उभे दिसले. बायको हसली. सकाळच्या त्या डॉक्टरनंतर ती पहिल्यांदा हसली, आणि असं हसली की गल्लीतले बाकीचे पक्षी गप्प झाले. मी ताबडतोब पक्षी घेतला. त्या बोटाला पट्टी बांधून घेतला, पण घेतला.

थंडीचे दिवस. दुकानदारानं पक्षी झाकणाच्या छोट्या टोपलीत दिला होता. गार वारा लागू नये म्हणून बायकोनं टोपली शालीत गुंडाळली आणि छातीशी धरली. रेल्वेत, मग नांदेडहून एस.टी.त, सगळ्या वाटेनं तशीच. पक्षी उबेला झोपी गेला. आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा आवाज नाही, हालचाल नाही, आणि सून शालीतलं गाठोडं छातीशी धरून हळूहळू चालत येतेय.

आई दारात उभी होती. तिनं ते गाठोडं पाहिलं. आम्ही मोठ्या डॉक्टरकडं गेलो होतो हे तिला माहीत होतं, आणि काहीच झालं नाही तर आश्रमातून एखादं लेकरू आणा, असं तीच मागं एकदा म्हणाली होती. "थांबा, उंबरा ओलांडू नका," एवढं बोलून ती आत पळाली. गुडघेदुखीनं वर्षभर कण्हणारी माझी आई, पण अशी पळाली की पोलीसभरतीत पहिली आली असती. भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आली, गाठोड्यावरून तुकडा ओवाळून गल्लीत टाकला, पाणी ओवाळलं, डोळ्यांना पदर लावला आणि शाल बाजूला करायला वाकली.

पक्षी जागा झाला आणि ओरडला.

आईच्या हातातला तांब्या समोरच्या घराच्या पायरीपर्यंत गडगडत गेला. पण खरी गडबड त्याआधीच झाली होती. समोरच्या काकूंनी ओवाळणं पाहिलं होतं आणि पुढचं पाहायला त्या थांबल्या नव्हत्या. दिवे लागायच्या आत बायका आल्या. एकीनं झबलं-टोपडं आणलं, एकीनं खुळखुळा आणला, एक तर बाळंतशोपा घेऊन आली, कुणासाठी ते तिलाच माहीत. प्रत्येकीला बायकोनं टोपलीचं झाकण उघडून दाखवलं. प्रत्येकीचा चेहरा आधी हसायचा, मग हसू गिळायचा आणि दाराबाहेर गेल्यावर पुन्हा हसायचा. ते आत ऐकू यायचं.

आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं हुकूम सोडला: ठेवायचंच असेल तर हे मागं, न्हाणीच्या पलीकडं ठेवा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको.

"मागं काहून?" बायको म्हणाली. "लपवायसारखं काय केलंय मी?"

आई तणतणत आत गेली. उत्तर माझ्याकडं होतं, पण शपथ होती.

तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न उरला: पिंजरा ओसरीवर की मागं. बायकोनं प्रश्न सोपा करून टाकला. मागच्या दारातून बाहेर जाणारच नाही, असा पिंजरा करायचं तिनं ठरवलं.

आधी बाजारातला तयार पिंजरा पाहिला. गोल, तारेचा, वर कडी. बायकोनं त्यात हात घालून पाहिला आणि दुकानदाराला विचारलं की यात तू राहशील का. मग आम्ही कूलर बनवणाऱ्याकडं गेलो. उन्हाळ्यात त्याच्याकडं गर्दी इतकी की कूलर मिळेपर्यंत पाऊस येतो, पण थंडीत माणूस रिकामा. बायकोनं हात पसरून माप दिलं: पंख उघडले की कुठं लागायला नकोत. त्यानं कूलरचा सगळ्यात मोठा सांगाडा काढला, तिन्ही बाजूंना जाळी मारली, समोर दार केलं, आणि सवयीनं खाली पाणी सोडायची तोटीही बसवली. ती आम्ही काढू दिली नाही. पिंजरा धुवायला तिच्याइतकी सोय कशाचीच झाली नाही. हातगाड्यावरून घरी आणला तेव्हा लोक विचारायचे, वाघ कुठाय. मी म्हणायचो, मागून चालत येऊन राहिला. पिंजरा ओसरीवर ठेवला आणि तो मागच्या दारातून जात नाही हे आईला दाखवलं. दोनदा दाखवलं. आई म्हणाली, मग भिंत पाडा.

खेळण्यांवरून मात्र जुंपली. हट्ट्याहून मावशी आली होती, आईची थोरली बहीण. आमच्याकडं काय झालं ते हट्ट्यापर्यंत पोचलं होतं आणि मावशी ते डोळ्यांनी बघायला आली होती. येताना तिनं पाळण्यावर टांगायची कापडी चिमण्यांची माळ आणली. "आता हाच तुमचा बाळ," म्हणाली, "बांधा पिंजऱ्याला." आवाजात इतका गोडवा की मुंग्या लागाव्यात.

बायकोनं माळ घडी करून मावशीच्या पिशवीत परत ठेवली. "ज्यांच्या घरी लेकरू असंल त्यांना द्या, मावशी. हा पक्षी हाय. आवडला म्हणून आणला. ह्याला चावायला लाकूड लागतं."

आणि आम्ही बाजारला निघालो. बैलांच्या साजाच्या दुकानात शिरलो. पोळा लांब होता, दुकानदार माशा मारत बसला होता. बायकोनं जाड लाकडी मण्यांची माळ घेतली, सुती दोऱ्यांचे गोंडे घेतले, प्रत्येक मणी दाताखाली धरून रंग सुटतो का पाहिलं. रंग सुटेल ते बाजूला. दुकानदारानं विचारलं, किती बैल आहेत. मी म्हटलं, एकच, पण पिवळा आहे आणि उडतो. त्यानं यातलं निम्मं सोडून दिलं आणि गोंडा एकच बांधून दिला. मी दुसरा मागून घेतला.

घरी नारळाला तोटा नव्हता. करवंट्यांना भोकं पाडून झुला केला. बसायला कडुनिंबाची वेडीवाकडी फांदी लावली, एका बाजूला मक्याचं कणीस खोचलं. पक्ष्यानं सगळ्याची पाहणी केली आणि कामाला लागला. पहिला गोंडा त्यानं असा पिंजून काढला की गादी भरता आली असती. करवंटीत डोकं घालून ओरडायचा; आवाज घुमून दुप्पट व्हायचा, आणि त्याला वाटायचं आत आणखी एक आहे. मग त्याच्याशी भांडायचा. गल्लीतली पोरं ओसरीवर ठाण मांडून बसायची.

मावशी जाईना. दुपारी ती आणि आई आत कुजबुजत बसायच्या. बायकोनं काय ऐकलं ते तिनं मला सांगितलं नाही. एका सकाळी तिनं मोठ्या पातेल्यात हरभरे आणि गहू शिजायला घातले आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं धाडलं. पक्ष्याच्या वाटणीचे बिनमिठाचे आधीच काढून ठेवले. घुगऱ्या. आमच्याकडं त्या बारशाला वाटतात, हे सांगायची गरज नव्हती. बायका आल्या, ओसरी भरली, कुणी कुणाकडं बघेना. मी कचेरीत रजा टाकून खांबाला टेकून बसलो होतो.

मावशीला वाटलं, एवढी माणसं पुन्हा कधी सापडणार. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "आमच्या गावात एक पोरगी हाय. गरिबाघरची, कामाची. पहिलीला कोण काढून टाकून राहिलं? राहील ती बी. पोपट सांभाळील."

आई खाली बघत होती. तिला हे माहीत होतं.

बायकोच्या हातात पळी होती. ती तशीच धरून म्हणाली, "घुगऱ्या घ्या, मावशी. सगळ्याच घ्या. आणि ज्यांना जे बोलायचं ते आज माझ्या तोंडावर बोला. पोटभर बोला. उद्यापासून ह्या ओसरीवर तो विषय न्हाई. आणि पिंजरा हितून हलणार न्हाई."

  तेव्हा मी शपथ मोडली. पश्चात्ताप तेव्हा झाला नाही, आजही नाही.

"मावशी, पोरगी आणून उपयोग न्हाई," मी म्हटलं. "दोष माझ्यात हाय. हैदराबादच्या डॉक्टरनं सांगितलं. हिच्यात काहीच न्हाई."

मावशी हसायला लागली. बायकोला वाचवायला हे पोरगं काय काय थापा मारील, म्हणाली. मग बाकीच्याही हसल्या. समोरच्या काकूंनी आठवण काढली की मी देवळाच्या कुंडात मगर पाहिल्याचं सांगितलं होतं. दुसरीला माझा वाघ आठवला. मी पुन्हा सांगितलं, तर आणखी हसल्या. आयुष्यभर मारलेल्या थापा कधी माझ्या आड आल्या नव्हत्या. त्या दिवशी एक धड खरं वाक्य हातात घेऊन मी बसलो होतो आणि ते कुणी फुकट घ्यायला तयार नव्हतं.

"अक्का, हसू नको," आई म्हणाली. "खरं बोलून राहिला तो."

"तुला काय ठाव?"

"थाप असती तर डॉक्टर सात फुटांचा असता. त्याच्या टेबलावर सिंह बसला असता. आज नुसतंच बोलला."

ओसरीवर कुणी वाटीतून तोंडापर्यंत हात नेईना. आईनं बायकोकडं पाहिलं.  ती अंथरूण धरते की काय म्हणून मी उठायच्या बेतात होतो. पण ती बहिणीला म्हणाली, "त्या पोरीला चांगलं घर बघ, अक्का. ती बी कुणाची तरी लेक हाय. हितं न्हाई." मग बायकोच्या हातातली पळी घेतली आणि स्वतः वाढायला लागली. बायकोशी ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर पिंजऱ्याच्या तोटीखाली बादली लावून ती पक्ष्याला रागावत होती, की पाणी सांडायची काय रीत आहे का.

मावशी हट्ट्याला गेली आणि जाताना माझी बातमी घेऊन गेली. पंधरवड्यात ती बातमी माझ्या आधी कचेरीत पोचली. आता लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले, जसं आजाऱ्याशी बोलतात. चहावाल्यानं साखर जास्त घातली. मला संताप आला. याच गोष्टीवरून लोकांनी बायकोला वर्षानुवर्षं जाळलं, तेव्हा कुणाचा आवाज हळू नव्हता.

मग आठवडी बाजाराच्या दिवशी मी पांढरा सदरा घातला, बायकोनं पक्ष्याला खांद्यावर घेतलं, त्याच्या पायात सैल दोरी बांधली, आणि आम्ही गल्लीतून, देवळासमोरून, भर बाजारातून चालत गेलो. रस्त्याच्या कडेनं नाही, मधून. माणसं वळून बघत होती. पक्षी ओरडला की कोथिंबिरीच्या जुड्या आडव्या पडत होत्या, आणि यातलं काहीसुद्धा सोडू नका. एका फुलवाल्या बाईनं विचारलं, हा बोलतो का.

"न्हाई," बायको म्हणाली. "आमीच बोलतो."

आणि तिनं त्याच्यासाठी मक्याची कणसं निवडायला सुरुवात केली, एकेक सोलून, दाणा दाबून, अगदी सावकाश.