रविवारचं निर्माल्य

रविवारी आणि सणाला कचरा डेपो बंद ठेवायचं ज्याच्या डोक्यातून निघालं, त्यानं जन्मात कधी घर आवरलं नसावं. जुन्नरच्या डेपोच्या फाटकावर तशी पाटीच होती. पाटीखाली खुर्ची टाकून वॉचमन बसलेला असे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

असाच एक रविवार होता आणि दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. फाटकी गादी, तुटक्या चपला आणि टेप निघालेल्या कॅसेटी स्कूटरवर बांधून मी डेपोवर गेलो. बायकोनं निघतानाच बजावलं होतं, "हे परत उंबऱ्याच्या आत आलं, तर तुम्ही बाहेर."

वॉचमननं बसल्या जागेवरून काठीनं पाटी दाखवली. "आज बंद, पावणं."

मी गयावया केली. त्यानं गादीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"एखादं फूलबिल हाय का बरूबर?"

"फूल कशाला?"

"कचरा आज घेता येत नाय. पण निर्माल्य आलं तर फाटक उघडावंच लागतं. देवाचं असतंय, त्याला मागं कसं धाडायचं?"

माझ्याकडं फूल नव्हतं. त्यानं शर्टाच्या खिशातून सुकलेला झेंडू काढून गादीवर ठेवला, मनोभावे नमस्कार केला आणि फाटक उघडलं. माझेही हात आपसूक जोडले गेले.

आत ढिगावर गादी टाकायच्या आधी त्यानं झेंडू तेवढा उचलला, फुंकर मारली आणि परत खिशात ठेवला.

"आज रविवार हाय, भाऊ," तो म्हणाला, "अजून लई निर्माल्य यायचंय."