इंदूआत्याचं दूध आणि दुसरं दार

माझ्या आत्याला एड्स नव्हता.

इंदूआत्या आज सकाळी राहात्याजवळच्या तिच्या गावी वारली. हार्ट अटॅक आला. वय झालंच होतं.

तरी पहिलं वाक्य आधी लिहिणं भाग होतं. कारण नव्वदच्या दशकात गावाने तिला जिवंतपणीच मेलेली धरलं होतं.

तिचे यजमान, आमचे सोपानमामा, ट्रक ड्रायव्हर. नगर-मनमाड रोड म्हणजे त्यांचं अंगण. ते एड्सने गेले.

आत्याची टेस्ट झाली. निगेटिव्ह. काही महिन्यांनी परत केली. परत निगेटिव्ह.

गावाने रिपोर्टकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डेअरीत तिचं दूध घेणं बंद. दोन जर्सी गाया, दोन शाळकरी पोरी आणि दुसरी कमाई शून्य. दूध नाही गेलं तर चूल बंद, इतका साधा मामला होता.

मी तेव्हा मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करत होते. सुट्टीत गेले आणि सकाळच्या गर्दीत, आत्याच्या कॅनसकट, थेट डेअरीत उभी राहिले.

चेअरमन नाना म्हणाले, "नवऱ्याला हाय अन् बायकूला न्हाई? आसं कुठं आसतंय व्हय?"

"असतं," मी म्हटलं. तेव्हा हे संशोधन अगदी ताजं होतं आणि तोंडाला फेस येईपर्यंत बोलायची मला सवय होती.

सांगितलं ते असं. आपल्या रक्तातल्या काही पेशींत एचआयव्हीला शिरायचं असतं. त्याला आधी लागतं सीडी-फोर. ते म्हणजे अंगणाचं फाटक. पण फाटक उघडून भागत नाही, पुढे घराचं दार असतं. ते दुसरं दार म्हणजे केमोकाइन रिसेप्टर. बहुतेक वेळा सीसीआर-फाइव्ह नावाचा.

हा रिसेप्टर काही व्हायरससाठी केलेला नाही. शरीरात कुठे सूज आली, पेशींनी कुठे धावायचं, हे निरोप घ्यायला तो असतो. व्हायरस आयत्या दारातून घुसतो.

आणि जगात मोजकी माणसं अशी असतात, ज्यांना आई-बाप दोघांकडून त्या दाराचं जनुक तुटकं मिळतं. दारच नाही! मग तो व्हायरस बाहेरच राहतो.

हेही सांगितलं की अशी माणसं आपल्याकडे फारच दुर्मीळ. शिवाय प्रत्येक संबंधातून लागण होतेच असं नाही, त्यामुळे आत्या नेमकी कशामुळे वाचली ते मला ठाऊक नाही. आणि तिला एड्स असता तरी गाईच्या दुधातून तो कुणालाही झाला नसता.

नानांनी कॅन आत घेतला. मी खूश.

पण गावाने एवढंच ऐकलं होतं: इंदूबाईला एड्स लागतच न्हाई.

आठवड्याभरात हायवेवरचे ड्रायव्हर किटल्या घेऊन आत्याच्या दारात! काल जिच्या ओट्यावर कुणी टेकत नव्हतं, तिच्याकडे रतीब लावायला रांग. म्हणाल तो भाव द्यायला तयार. तिच्या दुधात ते दार बंद करायचा गुण आहे म्हणे.

आत्याला आधी काही कळेना. माणसं परत यायला लागली, यातच ती सुखावली होती.

मग मामांचा जुना जोडीदार बबन आला. तिथेच उभ्याने तांब्याभर दूध प्यायला, मिशी पुसली आणि हसत म्हणाला, "वहिनी, आता मुंबईला चाललो. आता कशाचं भ्या न्हाई."

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला.

ती तडक डेअरीत गेली. मागोमाग बबन, त्याच्यामागे मी. नाना पुढे आले, हळूच म्हणाले, "इंदूबाई, गप ऱ्हावा. लोक घेत्यात ना? काल कोन इचारत हुतं तुमाला?"

खरं होतं ते. बोलली तर रतीब जाणार होता, आणि डेअरीचं दारही परत लागलं असतं.

आत्या सगळ्यांदेखत बोलली.

"ह्या दुधात काय बी न्हाई. दूध हाय, फॅट हाय, लई झालं तर वाईच पानी."

लोक हसले.

"हसू नगा. माह्या मालकानं ह्याच गायांचं दूध पिलं. रोज. तांब्या तांब्या. वाचलं का?"



मग बबनकडे वळून, "माझं दार बंद आसंल तर ती माझी गोष्ट. तुजं सताड उघडं हाय. पाकीट वापर. अन् उद्या बायकूला घिऊन ये, तुमी दोघं तपासून घ्या. मी येते संगं."

भर डेअरीत, पदर डोक्यावर, निरोधचं पाकीट वापर म्हणणारी ती आमच्या पंचक्रोशीतली पहिली बाई. मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांतून पाणीच आलं.

रतीब एका दिवसात गेला. नाना मात्र तिचा कॅन नाकारू शकले नाहीत. त्याच दुधाचा चहा करून सगळ्यांसमोर प्यायले, एवढं त्यांचंही कौतुक करायला हवं.

बबन बायकोला घेऊन आला. दोघेही निगेटिव्ह.

पुढे मी लॅबमध्ये लागले. ती जनुकाची टेस्ट माझ्या हातात आली. सुई-सिरिंज घेऊनच आत्याकडे गेले. म्हटलं, थोडं रक्त दे, एकदाचा निकाल लावून टाकू.

ती गोठ्यात शेण काढत होती. काम न थांबवता म्हणाली,

"दार न्हाई निघालं, तर परत किटल्या घिऊन येत्याल. दार हाय निघालं, तर म्हनत्याल, नवऱ्याजवळ जातच नव्हती."

शेणाची पाटी उचलत ती पुढे म्हणाली,

"मी त्यांची बायकू हुती, पोरी. दुखन्यात बी त्यांच्याच कुशीला निजले. दुसरा रिपोर्ट मला नगं."

मी सुई परत पर्समध्ये ठेवली. आज दुपारी तिला अग्नी दिला. आता कुणालाच कधी कळणार नाही, आणि मला त्याची जराही हळहळ नाही.

आत्या, भरल्या मनाने निरोप देते. मामांशेजारी निवांत नीज.