अहेरीच्या शाळेतली इंग्रजीची बाई

ब्रह्मपुरीच्या स्टेशनावर छोट्या लाइनची गाडी उभी होती आणि बाबा गार्डाला विचारत होते, "साहेब, हे गाडी चांद्यालेच जाते ना?" गार्ड हो म्हणाला. बाबांनी मग एका हमालाला तेच विचारलं, आणि त्यानंतर डब्यातल्या एका माणसाला. आई स्टेशनावर आली नव्हती. घरी तिनं लाखोळीच्या डाळीची पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाली, "सारे लोकं शयराकडे जातेत, अन् हे जंगलाकडे चालली." गाडी हलली तशी बाबा दोन-चार पावलं सोबत चालले. "चिठ्ठी मराठीत लिवजो," ते म्हणाले. "इंग्रजीत लिवशीन त कोनाकडून वाचून घेऊ?"

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मॅट्रिक झाले होते, नागपूरला मास्तरकीचं ट्रेनिंग झालं होतं, आणि अहेरीच्या मिडल स्कूलची नेमणूक दुसरं कुणी घेत नव्हतं म्हणून माझ्या वाट्याला आली होती. वसंता, तू माझ्या आधीच नागपूरच्या मिलमध्ये लागला होतास. शांता, तुझं लग्न गावातच झालं. तुमची नातवंडं आता विचारतात, की अहेरीची आजी तिकडे एवढी वर्षं काय करत होती. खरं म्हणजे तुम्हा दोघा भावंडांनाही मी ते कधी नीट सांगितलेलं नाही.

चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपूरहून, मोटार, आष्टीला नावेनं वैनगंगा, पलीकडून दुसरी मोटार आलापल्लीपर्यंत, आणि तिथून बैलगाडी. मी गेले तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता. थोड्याच वर्षांत तो मुंबई राज्यात गेला. आम्हाला त्याचा पत्ता लागला तो शाळेत येणाऱ्या कागदांवरचे शिक्के बदलले तेव्हा.

माझ्या वर्गात तीसेक पोरं होती. काहींच्या घरी गोंडी, काहींच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी आपल्यासारखी झाडीची बोली, आणि जंगल खात्यातल्या बाबूंच्या पोरांची हिंदी. मला जसं शिकवलं होतं तसंच मी शिकवू लागले. मी पुस्तकातलं वाक्य वाचायची, पोरं ते ओरडून म्हणायची, मग मी मराठीत अर्थ सांगायची. अर्ध्या पोरांना त्या मराठी अर्थाचाही अर्थ लागत नसे. पण स्पेलिंगं पाठ होती, अक्षर चांगलं होतं, हेडमास्तर खूश होते. मीही होते.

वर्षाच्या शेवटी बक्षिसं वाटायला जंगल खात्यातले एक मोठे साहेब आले. ते केरळातले होते. त्यांनी एका पोराला इंग्रजीत काहीतरी विचारलं. पोरगा गप्प. दुसऱ्याला विचारलं, तोही गप्प. मग साहेब माझ्याकडे वळले आणि एक वाक्य बोलले. मला त्यातला एकही शब्द पकडता आला नाही. दहा वर्षं मी इंग्रजी वाचत होते, लिहीत होते, पण कुणी माझ्याशी ते बोललं नव्हतं. मी हसून म्हणाले, "येस सर." साहेब खुर्चीत जाऊन बसले. हेडमास्तरांनी नंतर सांगितलं, "बाई, ते विचारत होते, तुम्ही यांना काहीच शिकवलं नाही का?"

त्या दिवशी मी रडले वगैरे नाही. फक्त दोन दिवस वर्गात इंग्रजीचं पुस्तक उघडलं नाही, गणितं घातली. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या बंगल्यावर गेले.

साहेबांची बायको पार्वतीअम्मा. तिला मल्याळम आणि इंग्रजी येत होतं; मराठी, हिंदी, तेलुगू काहीच नाही. अहेरीत येऊन तिला आठ महिने झाले होते, आणि साहेब दौऱ्यावर गेले की दिवसच्या दिवस तिला बोलायला कुणी नसे. मी वहीत लिहून नेलेलं वाक्य वाचून दाखवलं: तुम्ही मला इंग्रजी ऐकायला शिकवा, मी तुम्हाला मराठी शिकवीन. ती पोट धरून हसली. मग तिनं माझी वही घेतली आणि कपाटावर ठेवून दिली. निघेपर्यंत ती मला मिळाली नाही.

तिची रीत साधी होती. ती बोलायची आणि मी करायचं. डबा काढ. तो नाही, त्याच्या मागचा. पाणी ठेव. उकळायच्या आधी उतरव. मी तोंड उघडलं की ती हात वर करायची. आधी ऐक, उत्तर नंतर. ती सावकाश बोलत नसे. मी विनंती केली तेव्हा तिनं जे सांगितलं ते मला चार वेळा ऐकल्यावर समजलं: बाजारातली बाई माझ्यासाठी सावकाश बोलते का? पहिला महिना मी साखरेच्या जागी मीठ दिलं, खिडकी लावायची तिथे दार लावलं. दुसऱ्या महिन्यात एके दिवशी ती स्वयंपाकघरातून काहीतरी ओरडली आणि मी उठून दोरीवरचे कपडे आत आणले. आणून झाल्यावर ध्यानात आलं की मनात मराठी केलंच नव्हतं.

तिचं मराठी माझ्या इंग्रजीच्या पुढे गेलं. चार महिन्यांत ती बाजारात, "काऊन वो, कालच्यापेक्षा महाग काऊन?" असं भांडू लागली.

मग मी वर्ग बदलला. पुस्तकं बंद. मी इंग्रजीत सांगायची, पोरांनी मुकाट्यानं करायचं: उठ, पाटी यमुनेच्या डोक्यावर ठेव, खिडकीपाशी जा, परत ये. महिनाभर कुणाला बोलायला लावलं नाही. एका भिंतीवर कोळशानं जहाज काढलं, समोरच्या भिंतीवर मेंढी. मी 'शिप' म्हटलं की पोरांनी जहाजाकडे पळायचं, 'शीप' म्हटलं की मेंढीकडे. सुरुवातीला सगळा वर्ग मधोमध एकमेकांवर आदळायचा. पुढे पोरांना बोलतं केलं तेव्हा एकाला हातात चित्र देऊन दाराबाहेर उभं केलं. त्यानं बाहेरून ते चित्र इंग्रजीत सांगायचं आणि आतल्यानं न बघता पाटीवर काढायचं. चित्र चुकलं की दोघांनी बसून शोधायचं, सांगणारा चुकला की ऐकणारा. हेडमास्तर दारात येऊन म्हणाले, "बाई, हा वर्ग हाये का कवायत?" मी म्हणाले, "दोन्ही हाये, सर." ते परत गेले, पण परीक्षेचा विषय काढायला विसरले नाहीत. त्यांचंही खरं होतं. परीक्षेत ऐकण्याला मार्क नव्हते.

वर्गात मैना नावाची मुलगी होती. वयानं सतरा, वर्गात सगळ्यांत मोठी, कारण शाळेत उशिरा आली होती. तिचं गाव आत जंगलात, भामरागडच्या वाटेवर होतं. अहेरीत ती मामाकडे राहायची. मामा, कोलूभाऊ, लाकडाच्या डेपोत कामाला होते. तिचं स्पेलिंग कच्चं होतं, अक्षर तर बघवत नसे. पण ऐकण्यात तिच्या जवळपास कुणी नव्हतं. बाहेरचे लोक म्हणतात, जंगलातल्या माणसाचे कान तिखट असतात. मला तसं काही वाटलं नाही. ती लहानपणापासून अशा ठिकाणी बसत आली होती जिथे बोलणं समजत नसे: शाळेत मराठी, बाजारात तेलुगू, डेपोत हिंदी. न समजलेला शब्द आला की बाकीची पोरं तिथेच अडायची. मैना तो शब्द तसाच ठेवून पुढचं ऐकत राहायची. हे मी तिला शिकवलं नाही, मीच तिच्याकडून शिकले.

ती सातवी पास झाली आणि कोलूभाऊ शाळेत आले. "बाई, आता इले गावाले धाडतो. मायबाप लग्नाचं पाहून राह्यले." मैना त्यांच्या मागे उभी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मले नर्स व्हायचं हाये." हे तिनं मामाला आधी सांगितलं नव्हतं, मलाही नाही.

पार्वतीअम्माला लांबच्या एका मिशनच्या दवाखान्याची माहिती होती. तिथे मुलींना नर्सिंगचं शिकवत, पण तिथली मेट्रन, म्हणजे नर्सांची मुख्य, परदेशी होती आणि ती मुलाखत इंग्रजीतच घ्यायची. कोलूभाऊंनी आठ दिवस विचार केला. मग म्हणाले, "न्या. नाई घेतलं त सरळ गावाले. मंग तुमी बोलाचं नाई." मी कबूल केलं.

आठवडाभर मैना रोज संध्याकाळी माझ्या खोलीवर आली. मी तिला उत्तरं पाठ करून दिली नाहीत. एकच वाक्य पक्कं करून घेतलं: कृपा करून पुन्हा सांगाल का? ते तिनं शंभरदा म्हटलं असेल, मान खाली न घालता.

दवाखान्यात मला बाहेर बाकावर बसवलं. दार अर्धवट उघडं होतं. मेट्रनचा पहिला प्रश्न माझ्या कानावर आला आणि मला तो समजला नाही. पार्वतीअम्माच्या बोलण्याला सरावलेले माझे कान या बाईच्या बोलण्यापुढे पुन्हा कोरे झाले. मला वाटलं, मी या मुलीला खोटा आधार देऊन इतक्या लांब आणलं. मग मैनाचा आवाज आला, "प्लीज से इट अगेन." मेट्रननं पुन्हा विचारलं. मैना परत म्हणाली, "प्लीज से इट अगेन." तिसऱ्यांदा प्रश्न आला आणि मैनानं उत्तर दिलं, मोडकं, पण प्रश्नाचंच. त्यानंतर मेट्रन काहीबाही सांगत गेली. आत पावलं वाजली, ट्रे ठेवल्याचा आवाज आला, खाट सरकली, चादर झटकल्यासारखं वाटलं. बराच वेळ मैना एक अक्षर बोलली नाही, आणि मला कळलं की सगळं ठीक चाललं आहे.

मेट्रन बाहेर येऊन मला म्हणाली, आणि हे मला समजलं, की बाकीच्या मुली समजलं नाही तरी येस म्हणतात. दवाखान्यात अशा येसनं माणूस मरतो. ही विचारते. हिला मी घेते.

परतीच्या वाटेवर मी एकटीच होते. आनंद झाला होता, पण जेवढा व्हायला हवा होता तेवढा नाही. मैना निरोप देताना रडली नाही. मीही ब्रह्मपुरीला रडले नव्हते.

ती शिकली, पास झाली, आणि पुढे नागपूरच्या दवाखान्यात लागली. भामरागडच्या वाटेवरच्या गावी ती चार वर्षांत दोनदा आली. दुसऱ्या खेपेला तिची आजी आजारी होती. मैनानं तिला गोंडीतच विचारलं, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं. आजी म्हणाली, हळू बोल, तू घाईत आहेस. मैनानं हे मला पत्रात लिहिलं. तिच्या लग्नाचा विषय घरच्यांनी काढला तेव्हा तिनं नाही म्हणून कळवलं. ती चिठ्ठी वाचून घ्यायला कोलूभाऊ माझ्याकडे आले. मी वाचली. ते उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "बाई, तुमी तिले आयकाले सिकवलं. मंग ते आता आमचं काऊन आयकत नाई?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढेही ते मैनाची चिठ्ठी आली की माझ्याकडेच आणायचे. मी पुढची कित्येक वर्षं पोरांना भिंतीकडे पळवत राहिले, त्यातली बरीच पळत पळत अहेरीबाहेर गेली. साहेबांची बदली झाली तेव्हा पार्वतीअम्मा गेली. आता नदीवर पूल आहे, आणि आमचा गडचिरोली जिल्हाही वेगळा झाला आहे.

वसंता, मागच्या वर्षी तू विचारलंस, की नोकरी संपली, आता गावाकडे का येत नाहीस. तुला तेव्हा काहीतरी थातूरमातूर सांगितलं. खरं उत्तर त्या जुन्याच दिवसांतलं आहे.

शांताच्या नणंदेच्या लग्नाला मी गावी आले होते. मांडवात सगळ्या जणी बसून कुणाकुणाबद्दल बोलत होत्या आणि मी दर दोन वाक्यांनी विचारत होते, कोण हा? कोणाची सून ती? सगळं बोलणं आपल्याच बोलीतलं होतं आणि मला कान ताणून बसावं लागत होतं. शेवटी शांता हसत म्हणाली, "तू त पावनी झालीस व." तिनं प्रेमानं म्हटलं होतं. मलाही वाईट वाटलं नाही, कारण ते बरोबर होतं.

परतताना चांद्याच्या मोटार स्टँडवर उभी होते. माझ्या मागे दोन बायका बोलत होत्या. एकीच्या काखेत कोंबडा होता. ती म्हणत होती, हा विकायला सांगतो माझा नवरा, पण विकायचं तर नवऱ्याला विकायला हवं, कोंबडा निदान सकाळी उठतो तरी. मी मोठ्यानं हसले. दोघी गप्प झाल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ती गोंडीत बोलत होती, मधेमधे तेलुगू घालून, आणि माझी तिच्याकडे पाठ होती.

"कुठल्या वो बाई तुमी?" तिनं मराठीत विचारलं.

"अहेरीची," मी म्हणाले.

मोटार आली, गर्दी दाराकडे धावली. त्या बाईनं कोंबडा माझ्या हातात दिला, आणि आमच्यासाठी जागा धरायला स्वतः आधी चढली.