बारक्याच्या पेशी

शास्त्रज्ञ संशोधनाची जागा कशी निवडतात यावर आमचे काका तासभर बोलू शकतात. मोठी यंत्रं, नावाजलेले गुरू, भरपूर निधी. त्यांनी एकदा आमच्या ताईची प्रयोगशाळा पाहावी. तिथली लिफ्ट मनात आलं तर चालते आणि डुगडुगणाऱ्या टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली आहे.

तिथे बारक्याच्या पेशी होत्या, म्हणून ताई तिथे गेली. बारक्या आमचा धाकटा भाऊ. स्नायू झिजत जाण्याच्या आजाराने तो कॉलेजात असतानाच गेला. जाण्याआधी त्याने संशोधनासाठी दंडाच्या कातडीचा इवलासा तुकडा दिला. "घ्या, आता माझ्या कातड्याचे जोडे शिवा," असं तुकडा काढणाऱ्या डॉक्टरांनाच म्हणाला होता मेला.

त्या तुकड्यातल्या पेशी ताई बशीत वाढवायची. त्यांना दिवसाआड ताजं पोषणद्रव द्यावं लागतं. मध्ये रविवार आला तरी जावंच लागतं. रात्री ताट वाढताना आई विचारायची, "आज कसा आहे?"

"बरा आहे. खातोय."

दोघी शहाण्यासुरत्या बायका, आणि हे काय बोलणं! पण बारक्याबद्दल घरात एवढंच बोललं जायचं. तेवढंही बंद पाडायचा मला धीर झाला नाही.

मग परदेशातल्या एका प्राध्यापिकेने ताईला बोलावलं. या आजारावर तिच्याइतकं काम कुणाचंच नव्हतं. नियमाप्रमाणे पेशी मात्र इथून हलवता येणार नव्हत्या. ताई नको म्हणाली. "दैव देतं आणि कर्म नेतं," म्हणून काका आठवडाभर धुसफुसत होते. प्राध्यापिका भली. वर्षभर जागा राखून ठेवते म्हणाली.

त्याच वर्षी पेशी थकल्या. अशा पेशी ठरावीक वेळाच दुभंगतात आणि मग थांबतात. गोठवून ठेवलेली शेवटची कुपीही ताईने उघडली. तिच्यातल्याही संपल्या. त्या दिवशी जिन्यात मला गाठून ती ढसाढसा रडली.

"आईला सांगू नकोस."

"अगं, आता तू मोकळी आहेस. जा की!"

"आणि तिने विचारलं की उत्तर कोण देणार?"

ती राहिली. आई विचारत राहिली, ही "बरा आहे" म्हणत राहिली. वर्ष सरलं, जागा दुसऱ्या कुणाला गेली. मला दोघींचा राग यायचा. त्याहून जास्त वाईट वाटायचं.

परवा आई दुखण्यातून उठून बसली होती आणि ताई तिचे केस विंचरत होती. आई एकदम म्हणाली, "मला ठाऊक आहे गं. तू रविवारी उशिरापर्यंत झोपायला लागलीस, तेव्हाच कळलं."

ताईचा हात थांबला. एवढी हुशार बाई, पण रविवारी उगाच बाहेर जाऊन यावं हे काही तिला सुचलं नव्हतं.

"मग रोज विचारायचीस कशाला?" मी ओरडलेच.

"विचारायची थांबले असते, तर हीपण गेली असती."

मला वाटलं, ताई आता फणी भिरकावते. तिने केसांतला गुंता सोडवला, मग वेणी घालायला घेतली. शेवटचा पेड घालताना म्हणाली, "आज विचारलं नाहीस अजून."

आईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आज कसा आहे?"

"बरा आहे," ताई म्हणाली.