कपाटात न राहणारा लॅपटॉप

"आई, तू तो कॅबिनेटमधून काढलास कसा?"

"किल्लीनं."

"किल्ली मी लपवली होती."

"चणाडाळीच्या डब्यात. तुझे बाबा तूरडाळीच्या डब्यात लपवायचे. डाळ बदलली, डोकं तेच."

"हसू नकोस. उद्या नऊ वाजता डेमो आहे माझा, आणि तू तो उसळीच्या पातेल्याशेजारी ठेवलायस."

"मग? मुलांसाठीच करताय ना? मुलं जेवतात, शंतनू. गरीब देशांतलीसुद्धा, जमेल तेव्हा."

"आई, ते खेळणं नाहीये."

"तेच तर चुकलंय त्याचं."

दोन हजार सातचा ऑक्टोबर, रविवारची दुपार, अमेरिकेतल्या श्रूजबरीतलं शंतनूचं घर. शंतनू माझा मावसभाऊ, म्हणजे पातेलं ढवळणारी ती सुहासिनी केळुसकर माझी मावशी. मी वूस्टरला शिकत होते आणि दर शनिवारी-रविवारी इथं मुक्कामाला, म्हणजे खरं तर जेवायला, यायचे. त्या दिवशी मात्र उसळ कोणी वाढेना.

शंतनूची छोटी कंपनी गरीब देशांतल्या शाळांसाठी स्वस्तातला लॅपटॉप बनवत होती. त्यात हार्ड डिस्क नव्हती, कारण ती आत गरगर फिरते आणि आपटली की संपते. तिच्या जागी साधी मेमरीची चिप. पंखा नव्हता, म्हणजे धूळ आत ओढायला भोकच नको. स्क्रीन भर उन्हात वाचता येणारा. लिनक्स फुकटातलं, तेही इतकं छाटलेलं की मंद प्रोसेसरनं कुरकुर करू नये. हे सगळं ठरलेलं होतं. गाडी अडली होती कवचावर. एक कवच चंदेरी: बारीक, चकचकीत, कडा चिकटवून बंद केलेल्या. दुसरं हिरवं: जाड, रबरी काठांचं, पाठीला सहा स्क्रू, दिसायला जेवणाचा डबा. दोघांच्या पोटात सगळं तंतोतंत सारखं. बॅटरी किती टिकते ते बघायला शंतनूनं दोन्ही लॅपटॉप दोन आठवडे घरी आणले होते. सोमवारी तो ज्याची बाजू घेईल त्याच कवचाचे साचे बनणार होते.

शंतनूचं मन चंदेरीवर होतं.

"मंत्री विकत घेणार हे," तो म्हणाला. "हातात घेतल्यावर मंत्र्याला काहीतरी वाटलं पाहिजे."

"विकत मंत्री घेणार, वापरणार पोरं. मधला हेडमास्तर कुठाय?"

"हेडमास्तरचा काय संबंध?"

"किल्ली त्याच्याकडे असते."

हे मावशीनं सांगावं, कारण ती स्वतः कुडाळजवळच्या एका शाळेत नऊ वर्षं मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तिला ते कोणी कळवलं नसावं. श्रूजबरीत आल्यावर आठवड्याच्या आत तिनं नातीच्या, सियाच्या, बसस्टॉपवरची मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी केली होती. त्यांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, तिला इंग्रजी बोलायचं नव्हतं, पण रांग सरळ होती. एका आयरिश आईनं तर विचारलं होतं की या बाई शनिवारी मोकळ्या असतात का.

"बस," मावशी शंतनूला म्हणाली, आणि तो बसला. चाळिशीला आलेला माणूस. तिनं चष्मा लावला आणि सियाची घोड्यांच्या चित्रांची वही उघडली. "मी तेरा दिवस निरीक्षण केलंय. चंदेरी. पहिला दिवस, कॅबिनेटमध्ये. दुसरा दिवस, कॅबिनेटमध्ये. तिसरा दिवस, मालकानं बाहेर काढला, मऊ फडक्यानं पुसला, परत कॅबिनेटमध्ये. चौथा ते बारावा, वरीलप्रमाणे. आज मी काढून सियासमोर ठेवला. सिया, तू काय केलंस?"

आठ वर्षांच्या सियानं आधी बापाकडे बघितलं. "आय वॉश्ड माय हँड्स."

"आणि मग?"

"नथिंग. बाबा सेड नो टचिंग."

"आता हिरवा," मावशीनं पान उलटलं. "जिन्याखाली. सोफ्याच्या फटीत. सियाच्या पांघरुणात, दोनदा. बाथरूममध्ये, एकदा, तपशील वाचत नाही. मंगळवारी त्यावर जॅम सांडला. बुधवारी उघडला."

"कोणी उघडला?"

"मी. तुझ्याच स्क्रूड्रायव्हरनं. रबराचा कीबोर्ड काढला, भांड्यांच्या साबणानं धुतला, डेकवर उन्हात वाळवला, परत बसवला. एक स्क्रू उरला."

"उरला म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही एक जास्त लावलाय. चालतोय की पाचांवर."

शंतनूनं डोळे मिटले. स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको हिमानी पदर नसताना तोंडाला पदर लावल्यासारखी उभी होती.

"आई, ऐक. मी चंदेरी जपला कारण तो प्रोटोटाइप आहे. शाळेत तसे शेकडो असतील. तिथं कोण एवढं जपणार?"

"हिरवासुद्धा प्रोटोटाइपच ना? तो का नाही जपलास?"

"तो काय..." शंतनू म्हणाला. "तो जपण्यासारखा दिसत नाही ना."

हे बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. हिमानी आत पळाली आणि आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

मावशीनं वही मिटली. मला वाटलं आता ती विजयी मुद्रेनं उसळ वाढेल. तिनं चष्मा काढून ठेवला.

"दोन हजार एक साली आमच्या शाळेला तीन कॉम्प्युटर मिळाले. मुंबईच्या एका दात्यानं दिले. मी खिडकीला जाळी बसवून घेतली. शिवणाच्या बाईंकडून झालरीची कव्हरं शिवून घेतली. खोलीत चपला काढून जायचं. दसऱ्याला तिघांना झेंडूच्या माळा, कुंकू. पंधरा ऑगस्टला पाहुणे आले की एक चालू करायचा, टाळ्या झाल्या की बंद. फुटला तर विचारणा मला होणार होती. किल्ली माझ्या कमरेला."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? दीपा नावाची मुलगी होती पाचवीत. दर शनिवारी यायची. 'बाई, आज उघडणार?' मी म्हणायचे, पुढच्या शनिवारी. ती सातवी पास होऊन गेली, शंतनू. तीन वर्षं. एक कळ नाही दाबली तिनं."

सियानं विचारलं, "डिड शी क्राय?"

"नाही गं. हसून नमस्कार करून गेली. रडली असती तर बरं झालं असतं." मावशीनं पातेल्यावरचं झाकण सारखं केलं. "निवृत्त होताना शाळेचा चार्ज द्यायचा म्हणून मी एक उघडवला. आत पालीची अंडी. मला तेवढंच समाधान, की कोणीतरी त्याचा पुरेपूर उपयोग केला."

शंतनू हसला, मग हसायचं थांबला.

"आमच्या लॅबमध्ये पाच फुटांवरून पाडून बघतात," तो म्हणाला. "पाण्यात, वाळूत. सगळ्या टेस्ट चंदेरीनं पास केल्यात."

"करणारच. अरे, पण पडायला आधी तो कोणाच्या तरी हातात जायला हवा. आणि चिकटवलेला असला म्हणजे बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, या भीतीनं माझ्यासारखी बाई त्याला दुप्पट कुलूप लावणार."

"बॉसला काय सांगू? आईनं जॅम टेस्ट घेतली?"

"नातीनं घेतली. आई फक्त परीक्षक."

"मंत्री हिरव्याकडे बघणारसुद्धा नाहीत."

"आमच्या हेडमास्तरांनीही बघू नये असाच हवाय तो."

मग उसळ वाढली गेली. संध्याकाळी मावशीनंच चंदेरी मऊ फडक्यात गुंडाळून कॅबिनेटमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी आठ वाजता शंतनू इस्त्रीच्या शर्टात दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. शेजारी चपलांच्या स्टँडवर, सियाच्या पावसाळी बुटांवर, हिरवा आडवा पडला होता; झाकणावर घोड्याचं स्टिकर, बिजागरीत वाळलेला जॅम. मावशी समोर येऊन उभी राहिली आणि तिनं तळवा पुढं केला. तळव्यावर कॅबिनेटची किल्ली होती आणि तो उरलेला स्क्रू.

"कुठला नेतोयस?" तिनं विचारलं. ओळंबा लावल्यासारखी ताठ उभी होती.

शंतनू उठला. त्यानं स्क्रू उचलून शर्टाच्या खिशात टाकला, हिरवा काखेत मारला, आणि दार ओढून घेऊन निघून गेला.